थंडरबर्ड, आउटलुक पुन्हा टाकताय? जुने मेल जपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून घरोघरी आणि लहान ऑफिसांत मशीन फॉरमॅट करून विंडोज ११ टाकण्याचं, नाहीतर नवं मशीन घेण्याचं काम चालू आहे. या गडबडीत फोटो वाचतात, एक्सेलच्या फाइल वाचतात आणि मेल मात्र जातात. गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीकडचा बिल्डरशी झालेला सात-आठ वर्षांचा पत्रव्यवहार, पीएफच्या कचेरीकडून आलेली उत्तरं, दिवाळी अंकाच्या संपादकाकडची लेखकांची पत्रं, असं सगळं एका दुपारीत नाहीसं होतं. यातलं बहुतेक नुकसान टाळता येतं. त्यासाठी मेल नेमके कुठे असतात एवढं माहीत असावं लागतं.

इथली उत्तरं मुख्यतः विंडोजवरच्या थंडरबर्डला, म्हणजे मशीनवर मेल उतरवून वाचण्याच्या प्रोग्रामला, धरून आहेत. आउटलुक आणि इतर प्रोग्राम पुढे आहेत. मेनूंची नावं प्रोग्राममध्ये इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

थंडरबर्ड काढून पुन्हा टाकला तर मेल जातात का?

नाही. नुसता अनइन्स्टॉल केल्याने मेल जात नाहीत. प्रोग्राम सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये राहतो आणि तुमचे मेल, पत्ते, सेटिंग हे सगळं ‘प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये असतं. अनइन्स्टॉल करताना या फोल्डरला हात लागत नाही.

फॉरमॅटची गोष्ट निराळी. प्रोफाइलही सी ड्राइव्हवरच असतं, त्यामुळे सी ड्राइव्ह पुसला की तेही पुसलं जातं. विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ असा पर्याय दिसतो, पण मेलच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. त्यातल्या ‘फाइल्स’ म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे. मेल तिथे नसतात.

म्हणून आधी स्वतःला विचारा की मी फक्त प्रोग्राम बदलतोय, की विंडोजच नव्याने टाकतोय? प्रोग्रामच बदलायचा असेल तरी प्रत घ्या, पण घाबरू नका. विंडोज टाकायची असेल तर प्रत घेऊन ती तपासेपर्यंत कशालाही हात लावू नका.

माझे मेल सर्व्हरवर आहेत की फक्त माझ्या मशीनवर, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी हेच बघायला हवं, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं.

थंडरबर्डमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडा, तुमच्या खात्याखाली ‘सर्व्हर सेटिंग्ज’वर जा. वरच ‘सर्व्हर टाइप’ लिहिलेलं असतं. तिथे आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर आहेत आणि तुमच्याकडे त्यांची प्रत आहे. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या मशीनवर ठेवले जातात. ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला टिक नसेल तर उतरवून झाल्यावर सर्व्हरवर काहीही उरत नाही. डायल-अपच्या काळात व्हीएसएनएल किंवा संचारनेटच्या पत्त्यांवर आलेले मेल बहुतेकांनी असेच उतरवून घेतले. ते आज कुठे असतील तर तुमच्याच डिस्कवर.

आयमॅप आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. थंडरबर्डच्या डाव्या पट्टीत सगळ्यात खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतं. जीमेलची फुकट जागा १५ जीबी. ती भरत आली की पुष्कळ लोक जुने मेल ओढून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकतात. जागा मोकळी होते, पण त्या क्षणापासून ते मेल सर्व्हरवर नसतात. आयमॅपवाल्यांचे मेल जातात ते बहुतेक इथूनच. खातं जोडल्यावर इनबॉक्स पुन्हा भरतो, सगळं परत आलं असं वाटतं, आणि ‘२०१२ ते २०१८’ नावाचा फोल्डर राहून गेला हे चार महिन्यांनी लक्षात येतं.

खात्री करायची सोपी रीत अशी. दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर ब्राउझरमधून खातं उघडा आणि थंडरबर्डमधल्या प्रत्येक फोल्डरमधला एक-एक जुना मेल तिथे शोधा. जो सापडणार नाही, तो फक्त तुमच्याकडे आहे.

प्रोफाइल फोल्डर कुठे असतं? मला तर सापडत नाही.

सापडत नाही, कारण विंडोज ते लपवून ठेवते. सी ड्राइव्ह, त्यात ‘यूझर्स’, त्यात तुमचं नाव, त्यात ‘ॲपडेटा’, मग ‘रोमिंग’, मग ‘थंडरबर्ड’, मग ‘प्रोफाइल्स’ असा रस्ता आहे. यातला ‘ॲपडेटा’ लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ला टिक केल्यावर तो फिकट रंगात दिसू लागतो.

याहून सोपं म्हणजे थंडरबर्डमध्येच ‘हेल्प’ मेनूतून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’ या ओळीसमोर ‘ओपन फोल्डर’चं बटण आहे. ते दाबलं की थेट योग्य जागी पोचता. मशीनवर दोन-तीन प्रोफाइल असतील तर हीच वाट बरी, कारण सध्या वापरात असलेलं प्रोफाइलच ती उघडते.

फोल्डरचं नाव विचित्र दिसेल: आधी आठ अक्षर-अंकांची खिचडी, मग टिंब, मग ‘डिफॉल्ट-रिलीज’ किंवा नुसतं ‘डिफॉल्ट’. ते बदलू नका.

त्या फोल्डरमध्ये एवढ्या फाइल आहेत. नेमके मेल कशात?

‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ या दोन फोल्डरांत. पॉप खाती आणि लोकल फोल्डर्स ‘मेल’मध्ये, आयमॅप खाती ‘आयमॅपमेल’मध्ये.

आत गेल्यावर प्रत्येक फोल्डरच्या नावाच्या दोन फाइल दिसतील. एक ‘इनबॉक्स’, जिला कुठलंही एक्स्टेन्शन (नावात टिंबानंतर येणारी अक्षरं) नाही, आणि दुसरी ‘इनबॉक्स’पुढे टिंब देऊन ‘एमएसएफ’. एक्स्टेन्शन नसलेली, आकाराने मोठी फाइल म्हणजे खरे मेल. एमएसएफ ही फक्त सूची, ती गेली तर थंडरबर्ड नवी बनवतो. एक्स्टेन्शन नाही म्हणजे फाइल बिघडलेली किंवा निकामी असणार असं समजून ती डिलीट केल्याची उदाहरणं आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एखादा लहानसा फोल्डर निवडून त्याच्या फाइलची वेगळी प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडून बघा. ‘फ्रॉम’ने सुरू होणारी एक ओळ, तिच्याखाली पाठवणाऱ्याचा पत्ता, विषय, तारीख, मग मजकूर. तो संपला की पुन्हा ‘फ्रॉम’ आणि पुढचा मेल. अधेमधे अक्षरांचे अखंड ठोकळे दिसतात, ती अटॅचमेंट. या मांडणीला एमबॉक्स म्हणतात. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली तेव्हापासून मेल ठेवण्याची मूळ रीत हीच आहे. साधा मजकूर असल्याने उद्या थंडरबर्ड नसला तरी तो वाचता येईल, आणि मेल दीर्घकाळ जपायचे असतील तर मला ही रीत सगळ्यात भरवशाची वाटते.

बाकीच्यांपैकी ‘प्रेफ्स’ या फाइलमध्ये खात्यांची सेटिंग असतात, ‘एबुक’ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये ॲड्रेस बुक, आणि ‘लॉगिन्स’ व ‘की४’ या दोन फाइल मिळून साठवलेले पासवर्ड. निवडत बसू नका. अख्खं फोल्डर उचला.

प्रत नेमकी कशी घ्यायची?

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. खिडकी बंद केल्यावरही तो काही वेळ मागे चालू राहू शकतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसत नाही ना ते बघा. चालू असताना घेतलेल्या प्रतीत एखादी फाइल अर्धवट येऊ शकते.

मग विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याची खूण, लगेच इंग्रजीत ‘ॲपडेटा’, पुन्हा टक्क्याची खूण, असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. ‘रोमिंग’ उघडेल. त्यातलं ‘थंडरबर्ड’ हे संपूर्ण फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करा. नुसतं आतलं प्रोफाइल नको. वरच्या पातळीवरची ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’ ही छोटी फाइलही सोबत यायला हवी, कारण कुठलं प्रोफाइल उघडायचं हे थंडरबर्ड तिच्यावरून ठरवतो.

पेन ड्राइव्हवर घेत असाल तर एक अडचण येऊ शकते. बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. जुन्या इनबॉक्सची फाइल सहज तेवढी होते. विंडोज ती फाइल वगळायची का असं विचारते, घाईत ‘स्किप’ दाबलं जातं आणि नेमका इनबॉक्सच मागे राहतो. पेन ड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत या दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. एकूण आकार बाइटपर्यंत आणि फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळली पाहिजे.

‘टूल्स’मध्ये ‘एक्सपोर्ट’ आहे. ते वापरलं तर चालेल का?

प्रोफाइल लहान असेल तर चालेल. हा पर्याय सगळ्या प्रोफाइलची झिप फाइल बनवतो आणि नव्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’मधून ती परत घेता येते. पण त्याची मर्यादा २ जीबीची आहे. वर्षानुवर्षांचे मेल असणाऱ्यांनी हाताने कॉपी करावी.

प्रत खरंच चालते की नाही, हे फॉरमॅटच्या आधी कळेल का?

कळेल, आणि अर्धा तास देऊन हे कराच.

आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद, केबल असेल तर काढून ठेवा. मग थंडरबर्डच्या ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ आणि तिथून ‘अबाउट प्रोफाइल्स’ उघडा. ‘क्रिएट अ न्यू प्रोफाइल’ दाबा, काहीतरी ओळखू येईल असं नाव द्या आणि ‘चूज फोल्डर’ करून बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीतलं प्रोफाइल फोल्डर दाखवा. मग त्या प्रोफाइलखालचं ‘लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर’ किंवा तशाच अर्थाचं बटण दाबा. वेगळी खिडकी उघडेल. जुन्यात जुना फोल्डर, एखादी मोठी अटॅचमेंट, ॲड्रेस बुक हे सगळं उघडून बघा.

इंटरनेट तोडायला सांगतो त्याला कारण आहे. खातं पॉपचं असेल, ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला टिक नसेल आणि नेट चालू असेल तर ही प्रत उघडताक्षणी नवे मेल खाली उतरवून घेईल आणि सर्व्हरवरून पुसून टाकेल. मग चाचणीसाठी उघडलेल्या प्रतीत काही मेल आणि रोजच्या प्रोफाइलमध्ये बाकीचे, अशी फाटाफूट होते.

तपासून झालं की मूळ प्रोफाइल पुन्हा ‘डिफॉल्ट’ करायला विसरू नका. चाचणीचं प्रोफाइल यादीतून काढताना ‘डोन्ट डिलीट फाइल्स’ निवडा. ‘डिलीट फाइल्स’ दाबलंत तर प्रतच पुसली जाईल.

मशीन दुकानात फॉरमॅटला देतोय. काय सांगू?

दुकानात विचारतात, “डेटा पाहिजे का?” तुम्ही ‘हो’ म्हणता. तिथला मुलगा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स उचलून डी ड्राइव्हला टाकतो आणि सी फॉरमॅट करतो. यात त्याची काही चूक नाही. बहुतेक गिऱ्हाइकांचा डेटा खरोखर तेवढाच असतो आणि ॲपडेटा त्याला दिसतही नाही. त्यामुळे ‘डेटा पाहिजे’ एवढं पुरत नाही. ‘यूझर्समधल्या माझ्या नावाच्या फोल्डरमधला ॲपडेटा पाहिजे, त्यातलं थंडरबर्ड पाहिजे’ असं कागदावर लिहून द्या.

तरीही माझं सांगणं असं की प्रत घरी, स्वतः घ्या. एक तर सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज टाकताना चुकीच्या भागावर क्लिक झालं की डीसुद्धा जातो. दुसरं कारण पासवर्डचं. थंडरबर्डला ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नसेल तर प्रोफाइलची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला साठवलेले सगळे पासवर्ड वाचता येतात. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये तो लावता येतो. मशीन कोणाकडे देण्याआधी लावा.

विंडोज नवी टाकून झाली. आता मेल परत कसे आणायचे?

थंडरबर्ड उतरवून इन्स्टॉल करा, पण उघडू नका. उघडला असेल तर खातं जोडायला सांगणारी खिडकी रद्द करून पूर्ण बंद करा. मग आधीच्याच रीतीने ‘रोमिंग’ उघडा. तिथे ‘थंडरबर्ड’ फोल्डर आधीच तयार झालेलं असेल तर त्याचं नाव बदलून बाजूला ठेवा, आणि बाहेरच्या डिस्कवरचं तुमचं ‘थंडरबर्ड’ तिथे कॉपी करा. ‘मूव्ह’ नको, कॉपीच, म्हणजे प्रत हातात राहते. आता थंडरबर्ड उघडा.

विंडोजमधलं तुमचं यूझरनेम आधीपेक्षा वेगळं असलं तरी साधारणपणे अडत नाही, कारण प्रोफाइलचा पत्ता ‘थंडरबर्ड’ फोल्डरपासून मोजलेला असतो.

आवृत्ती आधीइतकीच किंवा नवी असावी. कोणाकडून तरी मिळालेला जुना इन्स्टॉलर वापरलात तर नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल तो उघडणार नाही आणि नवं प्रोफाइल बनवा असं सुचवेल. ते ऐकू नका. बंद करा आणि ताजी आवृत्ती टाका.

पुन्हा टाकल्यावर थंडरबर्ड रिकामाच उघडतोय. मेल गेले का?

बहुतेक वेळा गेलेले नसतात. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी स्वतंत्र प्रोफाइल लक्षात ठेवतो. इन्स्टॉलेशनची जागा बदलली की तो स्वतःला नवा समजतो. उदाहरणार्थ, आधी ३२ बिटचा होता, तो ‘प्रोग्राम फाइल्स एक्स८६’मध्ये बसलेला होता. आता ६४ बिटचा टाकलात, तो ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये गेला. जागा बदलली म्हणून त्याने एक कोरं प्रोफाइल बनवलं आणि तेच उघडलं. जुनं प्रोफाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये शाबूत आहे.

अशा वेळी पुन्हा खातं जोडायला बसू नका. विशेषतः पॉप खातं जोडलंत तर नवे मेल कोऱ्या प्रोफाइलमध्ये उतरायला लागतील आणि नंतर दोन ठिकाणचे मेल एकत्र करत बसावं लागेल. त्याऐवजी ‘अबाउट प्रोफाइल्स’ उघडा. यादीत दोन किंवा जास्त प्रोफाइल दिसतील. प्रत्येकाचं ‘रूट डिरेक्टरी’ फोल्डर उघडून आकार बघा. काही एमबीचं ते नवं, काही जीबीचं ते तुमचं. त्याखालचं ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबा, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

प्रोफाइल बरोबर आहे, फोल्डरची नावं दिसतात, पण आत मेल दिसत नाहीत किंवा एकाच्या जागी दुसराच मेल उघडतो, असं असेल तर सूची बिघडलेली आहे. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘रिपेअर फोल्डर’. सूची नव्याने बनते. फोल्डर मोठा असेल तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

पासवर्ड आठवत नाही. थंडरबर्ड आपोआप लॉगिन व्हायचा.

पूर्ण प्रोफाइल परत आणलं तर साठवलेले पासवर्डही सोबत येतात. तरी नव्या मशीनवरून लॉगिन करताना जीमेल किंवा आउटलुक डॉट कॉम पुन्हा ओळख विचारू शकतात, आणि लोक खरे अडकतात ते इथे. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन चालणारी जुनी पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी ती १६ सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. आता ब्राउझरसारखी खिडकी उघडते, तिथे लॉगिन करून परवानगी द्यावी लागते. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ म्हणून ‘ओऑथ२’, म्हणजे हीच नवी पद्धत, निवडलेलं असावं.

फॉरमॅट करण्याआधी ब्राउझरमधून खात्यात जा आणि रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर बघा. तो दहा वर्षांपूर्वीचा, बंद झालेला नंबर असेल तर ओटीपी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. जुन्या मशीनवर लॉगिन चालू आहे तोवर नंबर बदलणं सोपं आहे. नंतर फार कठीण जातं. घरातल्या ज्येष्ठांचं मशीन बदलून देताना हे पहिलं काम करा.

आमच्याकडे आउटलुक आहे. त्यातही प्रोफाइल असतं का?

असतं, पण मेल वेगळ्या फाइलींत असतात. इथे दोन फाइली समजून घ्यायच्या: पीएसटी आणि ओएसटी.

पीएसटीमध्ये पॉप खात्याचे मेल आणि तुम्ही केलेलं ‘आर्काइव्ह’ असतं. ही मूळ वस्तू, हिची प्रत घ्यायलाच हवी. ओएसटी ही एक्स्चेंज, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा आयमॅप खात्याची मशीनवरची छाया असते. खातं पुन्हा जोडलं की ती नव्याने बनते आणि एका मशीनवरची ओएसटी उचलून दुसरीकडे उघडता येत नाही. पण ओएसटीतही एक खाच आहे. आयमॅप खात्याखाली ज्या फोल्डरांच्या नावापुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ लिहिलेलं असतं, ते सर्व्हरवर जात नाहीत. त्यात काही असेल तर ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्सपोर्ट’, ‘इम्पोर्ट/एक्सपोर्ट’ या वाटेने पीएसटीमध्ये एक्सपोर्ट करून घ्या.

फाइल कुठे आहे ते आउटलुकच सांगतो: ‘फाइल’, ‘अकाउंट सेटिंग्ज’, मग ‘डेटा फाइल्स’चा टॅब. २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये पीएसटी बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते. त्याआधीच्यांत ॲपडेटातल्या ‘लोकल’मध्ये, म्हणजे पुन्हा लपलेल्या जागी. टॅबमध्ये जितक्या पीएसटी दिसतील तितक्या सगळ्या, आउटलुक बंद करून कॉपी करा. सह्या वेगळ्या असतात. त्या ‘रोमिंग’मधल्या ‘मायक्रोसॉफ्ट’च्या आतल्या ‘सिग्नेचर्स’ फोल्डरमध्ये मिळतील.

परत आणताना पीएसटी आधी मशीनवर कॉपी करा आणि ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ने उघडा. थेट पेन ड्राइव्हवरून उघडून वापरू नका. ड्राइव्ह मध्येच निघाला तर फाइल बिघडते. बिघडलीच तर ऑफिससोबत येणारं ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचं साधन आहे, तेही आधी प्रत करून मगच चालवा. आउटलुक २००२ किंवा त्याआधीच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि तिथे पोचलेल्या फाइली हमखास बिघडत. जुन्या सीडीवर अशी फाइल असेल तर जपून हाताळा. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत मर्यादा ५० जीबी आहे.

विंडोज ११ सोबत येणारा ‘नवा आउटलुक’ हा वेगळाच प्रोग्राम आहे. पीएसटी हाताळायची असेल तर क्लासिक आउटलुकच वापरा.

विंडोजचं ‘मेल’ ॲप, विंडोज लाइव्ह मेल, आउटलुक एक्सप्रेस?

‘मेल’ ॲपचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. त्यातली खाती सहसा सर्व्हरवरचीच, त्यामुळे काळजी कमी. लाइव्ह मेलचा सपोर्ट १० जानेवारी २०१७ रोजी संपला, पण त्याचे मेल ‘ईएमएल’ नावाच्या सुट्या फाइलींत असतात, एका फाइलीत एक मेल. ते थंडरबर्डमध्ये आणता येतात. त्यासाठी ‘इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी’ हे ॲड-ऑन उपयोगी पडतं. आउटलुक एक्सप्रेसचे मेल ‘डीबीएक्स’ फाइलींत असत. एक्सपीच्या जुन्या मशीनची डिस्क माळ्यावर पडली असेल तर तिच्यात शोधा, आणि ते मशीन चालू होत असेल तर तिथेच मेल निवडून एखाद्या फोल्डरमध्ये ओढा, प्रत्येकाची ईएमएल फाइल बनेल.

मेल परत आले, पण मराठी मजकूर वाचता येत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

युनिकोड रूढ होण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप होत असे. त्या फाइलींत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात, फॉन्टमुळे त्या देवनागरी दिसतात. विंडोज नव्याने टाकली की सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’मधले तुमचे फॉन्टही जातात, आणि मग अटॅचमेंटमधला लेख निव्वळ खुणांचा ढीग दिसतो. मजकूर मात्र गेलेला नसतो, तोच फॉन्ट पुन्हा टाकला की वाचता येतो. म्हणून दिवाळी अंक, छापखाने, शाळा, साहित्य संस्था यांच्या मशीनवर काम करणाऱ्यांनी मेलसोबत फॉन्टांचीही प्रत घ्यावी. संपादकाच्या मेलमध्ये लेखकाचं हस्तलिखित म्हणून उरलेली एकमेव प्रत अशाच फॉन्टात असू शकते.

दुसरी शक्यता अशी की मेल युनिकोडमध्येच आहे, पण प्रोग्रामने तो चुकीच्या पद्धतीने वाचला. तेव्हा एकाच प्रकारची, डोक्यावर तिरकी रेघ असलेली इंग्रजी ‘ए’सारखी अक्षरं ओळीने दिसतात. थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा.

फॉरमॅट होऊन गेला आणि प्रत नव्हती. काही करता येईल का?

आधी ते मशीन वापरणं थांबवा. नवीन काही टाकाल तितकी जुनी जागा भरत जाईल.

सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता जुन्यावर नवी विंडोज टाकली असेल तर आधीचं सगळं त्यात असतं, ॲपडेटासकट. अपग्रेडनंतर विंडोज ते १० दिवसांनी आपोआप पुसते, म्हणून लगेच बघा आणि आतलं ‘थंडरबर्ड’ बाहेर काढा.

ते नसेल तर डिस्क कुठल्या प्रकारची यावर आशा अवलंबून आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि ‘क्विक फॉरमॅट’ झाला असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांना बऱ्याचदा काही ना काही मिळतं. एसएसडीमध्ये पुसलेली जागा आतल्या आत मोकळी केली जाते, त्यामुळे तिथे परत मिळण्याची शक्यता फार कमी. हजारो रुपये खर्च करण्याआधी हे विचारून घ्या.

तोवर बाकीची दारं ठोठवा. जुना लॅपटॉप, मोबाइलमधलं मेल ॲप, ऑफिसमधलं मशीन यांपैकी कुठेतरी तेच खातं जोडलेलं असेल. मोबाइल आधी ऑफलाइन करा, मग मेल उघडा. आणि ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला त्यांच्याकडे तो अजून असतो. वकील, सीए, नातेवाईक यांना महत्त्वाचे मेल अटॅचमेंट म्हणून परत पाठवायला सांगा. नुसतं फॉरवर्ड केलं तर मूळ तारीख आणि शीर्षकातले तपशील तुटतात. उद्या कोर्टात किंवा कचेरीत दाखवायची वेळ आली तर ते लागतात.

लिनक्स आणि मॅकवर?

रीत तीच, जागा वेगळ्या. लिनक्सवर होम फोल्डरमधलं टिंबाने सुरू होणारं ‘थंडरबर्ड’ फोल्डर. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकने टाकला असेल तर ते अनुक्रमे ‘स्नॅप’ आणि ‘डॉट व्हार’ फोल्डरांच्या आत असतं. साध्या पॅकेजवरून स्नॅपवर गेल्यावर रिकामा थंडरबर्ड दिसला तर कारण बहुधा हेच. मॅकवर होममधल्या ‘लायब्ररी’त ‘थंडरबर्ड’. लायब्ररी लपलेली असते, पण ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ची वाट इथेही चालते.

सगळं नीट परत आलं. बाहेरच्या डिस्कवरची प्रत कधी पुसू?

निदान सहा महिने ठेवा. एखादा फोल्डर राहून गेलाय हे रोजच्या कामात कळत नाही. आयकर विवरणपत्राची वेळ येते, विमा कंपनीचं पत्र लागतं, सोसायटीची वार्षिक सभा येते, तेव्हा कळतं. जागा असेल तर पुसूच नका, फोल्डरच्या नावात तारीख घालून ठेवून द्या. पॉप खातं वापरणाऱ्यांनी तर दर दोन-तीन महिन्यांनी नवी प्रत घ्यावी आणि तीही जुनीवर न टाकता शेजारी ठेवावी. एखाद्या फोल्डरमध्ये बिघाड शिरला असेल तर नवी प्रतही तो बिघाड घेऊनच आलेली असते, आणि मग त्याआधीची प्रतच उपयोगी पडते.